चुडामणनं लाईन बंद केली

…आणि भाकरी तशीच हातात. काल आपण इथंच थांबलो होतो. वना डबा घेऊन मशीनपाशी आला, भाकरीवर ठेचा घातला, ती चुडामणच्या डाव्या हातात कोंबली आणि चुडामणनं तिच्याकडे न बघताच ती तोंडाशी नेली. डोळे डायच्या तोंडावर, उजव्या हातात तारेचा आकडा. घास चुकला आणि ठेचा सगळा मिशीत.

"नाना, बठी जा ना जराखा," वना म्हणाला. तो भडगावकडचा, त्याची बोली अहिराणी. "मशीन काय पळी जाई का?"

"पळत नाही रे ती. गोठते."

"मंग गोठू दे ना!"

चुडामणनं त्याच्याकडे असं पाहिलं की वनानं डब्याचं झाकण लावलं आणि गुमान निघून गेला.

तर हा चुडामण म्हणजे जळगावच्या एमआयडीसीत दांडे ओढणारा माणूस. ओढणारा म्हणजे खरोखर ओढणाराच. आपण सोऱ्यातून शेव दाबून काढतो, तिथं सगळं उलटं. मागं रॅकवर काचेच्या धाग्याची रिळं लावलेली असतात. त्यांचे शेकडो धागे एकत्र येऊन एका तापलेल्या पोलादी साच्यात शिरतात. त्या साच्याला तिथं डाय म्हणतात. आत धाग्यांना चिकट माल मिळतो, आणि पलीकडून पुलर नावाचं यंत्र तयार दांडा दोन पंजांत धरून ओढत राहतं. एक पंजा सुटला की दुसरा धरतो. बाई पोहऱ्याचा दोर ओढते ना विहिरीवर, अगदी तसं. हलका, पोकळ, मनगटाएवढा दांडा. तो जातो रावेर-यावलच्या केळीच्या बागांत, घडाच्या ओझ्यानं वाकलेल्या झाडाला टेकू द्यायला. बांबू दोन पावसाळ्यांत कुजतो, हा कुजत नाही.

मिशा पांढऱ्या झाल्या तरी चुडामण त्या लाईनपाशी उभाच. उभं राहणं इतकं अंगात मुरलेलं की रिकाम्या एसटीतही तो दांडीला धरून उभा. मेहरूणमधल्या घरच्या दोन खोल्यांत जेवायलासुद्धा ओट्याला टेकून उभा. मेव्हणीच्या लग्नात तर कमालच केली. आचाऱ्यानं जिलेबीचा घाणा संपला म्हणून शेगडी बंद केली, तर हा मांडवातून पळत आला, "अरे, बंद काय करतो! बंद काय करतो!" वऱ्हाडी मंडळींना वाटलं, कुठं आग लागली. त्याची बायको कामिनी आजही तो प्रसंग सांगते आणि पदर तोंडाला लावून हसते. हसून झालं की मात्र गप्प होते. तिलाही त्या हसण्याचा कंटाळा आला आहे.

आता हे खूळ त्याच्या डोक्यात आलं कुठून? दलिचंदशेठांकडून. कारखाना त्यांनीच उभा केला. मूळचे राजस्थानचे, पण तीन पिढ्या जळगावात. तेव्हा डायच्या आधी टाकी असायची, तीत रेझिन नावाचा पातळ, चिकट रस. डोळ्यांत पाणी आणणारा वास, दुपारपर्यंत डोकं भणभणायचं. धागे त्या रेझिनमध्ये बुडून डायमध्ये शिरले की तिथल्या उष्णतेनं रेझिन घट्ट व्हायचं, ते कायमचं. लाईन थांबली की दांडा डायमध्येच धरून बसायचा. मग डाय उतरवा, घण आणा, छिन्नी आणा. चुडामण नवा नवा लागला त्याच उन्हाळ्यात एकदा असं झालं. सगळी पाळी त्या डायभोवती लोहारासारखी बसली होती. डाय निघाली, पण आतून ओरखडलेली, कायमची वाया. दलिचंदशेठ ओरडले नाहीत. नुसते म्हणाले, "चुडामण, लाईन रुकी, तो समझ पत्थर हो गया." शेठ ओरडले असते तर तो विसरला असता. ओरडले नाहीत म्हणून ते वाक्य त्याच्या अंगात राहिलं.

तिथून पुढं लाईन थांबली नाही. वीज गेली तर जनरेटर. धागा तुटला तर चालत्या लाईनीत नवा जोडायचा. डायच्या तोंडाशी तुटक्या तंतूंचा गुंता जमायचा, जिनिंगमध्ये सरकीला चिकटून राहतो तसल्या कापसासारखा. तोही चालता चालताच आकड्यानं ओढून काढायचा. दिवाळीला बंद ठेवायचीच असली, तर आधी टाकी काढून कोरडे धागे ओढत डाय रिकामी करायची आणि सुट्टीनंतर सगळे धागे पुन्हा एकेक करून ओवायचे. त्यात दिवस जायचा आणि सगळी माणसं अडकायची. म्हणून दिवाळी सोडली तर बंदचं नावच नाही.

आणि त्याची खरी किंमत चुकती व्हायची ती श्रावणात.

श्रावणात आपल्या खान्देशात कानबाई येते. रविवारी नारळाला नाक-डोळे काढून तिची स्थापना, रात्रभर गाणी, सोमवारी नदीवर विसर्जन. जो तो आपापल्या गावी. कारखान्यातली माणसंही धुळे, भडगाव, चोपडा, जिकडचे तिकडं. मग लाईनवर कोण? चुडामण. "नाना आहेत ना," असं म्हणून सगळे मोकळे. त्याला कोणी सुट्टी नाकारली नव्हती हो. त्यानं कधी मागितलीच नाही.

त्याचं गाव यावलकडं, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथं त्याची माय बेबाबाई. कानबाईच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू निवडतात, आणि तो रोट भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही, उरवायचाही नाही. चुडामणच्या नावाचे गहूही दर साली निघायचे. रोट लाटला जायचा. आणि तो माय खायची. तोंडात दात नाही, दुधात भिजवून, दोन-दोन दिवस पुरवून. "तुह्या वाटचा मीच खाल्ला बापा," असं ती मागाहून फोनवर सांगायची. तक्रार म्हणून नाही, नुसती बातमी म्हणून. पण बातमीच जास्त लागते.

यंदा बातमी वेगळी होती.

"चुडामण, औंदा माह्याच्यानं व्हत नाही," म्हातारी फोनवर म्हणाली. "डोये साथ देत नाही. देवीच्या नारयाले नाक-डोये काढाचे त हात कापते. तू थोरला. तू अन कामिनी येऊन नारय हाती घ्या."

"माय, रविवारी मशीन..."

"आइकून घे. तू नाही आला त नारय योगराजच्या घरी जाईन. तो बिचारा तयार हाये. मी भांडत नाही तुह्याशी. फक्त सांगून ठेवते."

योगराज म्हणजे चुलतभाऊ. चांगला माणूस. केळीची बाग नेटानं करणारा, आईच्या दुखण्याखुपण्याला धावून येणारा. त्याच्याकडे नारळ गेला तर कोणी वावगं म्हटलं नसतं, आणि चुडामणला खुपत होतं ते हेच. बापाच्या हातातून मायच्या हाती आलेला तो नारळ. एकदा का दुसऱ्या ओसरीवर मांडला गेला की कोणी परत मागत नाही, मागायचंही नसतं.

कामिनीनं फोनवरचं सगळं ऐकलं होतं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "मी जाते," एवढंच म्हणाली. "गहू निवडताना तुमचं नाव सांगीन. दर साली सांगते तसंच."

इकडे कारखान्यात वेगळंच पेटलं होतं. दलिचंदशेठांचा नातू जिनेश आता कारभार बघत होता. त्यानं काही वर्षांमागं रेझिनची लाईन मोडीत काढून प्लास्टिकची आणली होती. रेझिनचा दांडा वाऱ्यात ठिसूळपणे तुटायचा, आणि तुटलेल्याचं काही करता येत नसे. प्लास्टिकचा दांडा वाकतो, सावरतो, आणि मोडलाच तर दळून पुन्हा वापरता येतो. कल्पना झकास होती. पण यंदाच्या वैशाखातल्या वादळात बागांमधून तक्रारी आल्या. दांडे मोडले नव्हते, उभे चिरले होते. शेंग फुटावी तसे. आणि चिरेच्या आत कोरडी पांढरी रेघ.

म्हणून जिनेशनं धुळ्याची एक इंजिनिअर आणली, भूमिका. पोरगी चटपटीत. आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, केबिनमध्ये बसून कॉम्प्युटर उघडेल. ती प्लास्टिकचं स्टूल घेऊन डायच्या तोंडाशी बसली आणि पुष्कळ वेळ चुडामणच्या आकड्याकडे पाहत राहिली.

"नाना, हे तोंड साफ कधी करता?"

"करूच राह्यलो ना. चालता चालता."

"नाही, म्हणजे लाईन थांबवून?"

वना खुदकन हसला. "मॅडम, आसं आठे कोनी बोलस नही."

"धुळ्याला थांबत असतील लाईनी," चुडामण म्हणाला.

"धुळ्यात सगळंच थांबलेलं असतं, नाना. म्हणून तर मी नोकरीला इकडे आले."

यावर चुडामणच्या मिशीतही हसू आलं, पण आकडा काही त्यानं खाली ठेवला नाही.

मग तिनं एक चिरका दांडा आणून दाखवला. "हे वितळलेलं प्लास्टिक काकवीसारखं असतं, दाट. प्रत्येक धाग्याच्या अंगाअंगाला लागायला त्याला वेळ हवा आणि वाट हवी. तुम्ही गुंता ओढता, त्यातला अर्धा निघतो आणि अर्धा आत जातो. जिथे गुंता, तिथे काकवी पोचत नाही. तीच ही पांढरी रेघ. लाईन थांबवायची, तोंड नीट साफ करायचं, धागे डायच्या आतल्या खुंट्यांवर पुन्हा पसरवायचे आणि मग हळू ओढायचं."

"थांबवली त आत गोठीन ते."

"गोठू द्या."

वनानं सहज म्हटलेलंच ते, पण आता इंजिनिअर बोलत होती. चुडामणला रागही आला नाही, नुसतं थकल्यासारखं झालं. लहान पोरानं विस्तवात हात घालायचा हट्ट धरावा आणि आपण दर वेळी तोच हात धरावा, तसं.

तेवढ्यात जिनेश आला. भूमिका त्याच्यासमोर समजावू लागली, "तुमचं जुनं रेझिन होतं ना, ते अंड्यासारखं. एकदा उकडलं की..." आणि तिच्या लक्षात आलं की समोर जैन शेठ उभे आहेत. "सॉरी, सिमेंटसारखं. सिमेंटसारखं!"

"सिमेंट चालेल," जिनेश म्हणाला.

"सिमेंट एकदा जमलं की पुन्हा पातळ होत नाही. हे प्लास्टिक मेणासारखं आहे. गोठलं तर तापवा, पुन्हा पातळ. फक्त भट्टीवर तसंच ठेवून जळू द्यायचं नाही. उष्णता उतरवा, गार होऊ द्या, हवं तेव्हा पुन्हा चढवा. दोन दिवस बंद राहिली तरी चालते."

चुडामणनं जिनेशकडे पाहिलं. जिनेशनं चुडामणकडे.

"नाना, तुम्हाला हे माहीत होतं ना?" जिनेशनं विचारलं.

"मले कोण सांगणार?"

"मशीन बसवायला माणूस आला होता, त्यानं..."

"तो म्हणे, शेठ सांगतील."

जिनेशचा चेहरा पडला. "मला वाटलं त्यानं सांगितलं असेल. आणि तुम्ही दिवाळीलाही डाय रिकामी केल्याशिवाय कधी बंद केली नाही, तेव्हा वाटलं, नानांचं काहीतरी गणित असेल. तुम्हाला कोण शिकवणार?"

वनाही मान खाली घालून म्हणाला, "आम्हले बी तसंच वाटनं, नाना."

घ्या! माणसाचा मान एवढा ठेवला की त्याला काही सांगायचंच राहून गेलं.

पण चुडामणचा विश्वास बसला नव्हता. पुस्तकातलं मेण आणि डायमधलं मेण सारखंच असेल कशावरून? दुपारच्या जेवणाआधी भूमिकानं विचारलं, "थांबवू?" जिनेश म्हणाला, "थांबवा." बटण तिनं दाबलं. पुलरचे पंजे अर्ध्यावर थांबले. तापमानाचे आकडे उतरू लागले. शेडमध्ये अशी शांतता पसरली की पत्र्यावरचे कबुतरांचे पाय ऐकू आले. इतक्या वर्षांत तिथं कबुतरं राहतात हे चुडामणला ठाऊकच नव्हतं.

सगळे जेवायला गेले. चुडामण डायच्या वीतभर वर तळहात धरून उभा. झळ लागत होती, मग लागेनाशी झाली. आत दांडा धरून बसला असणार, दगडासारखा. त्याला घणाचे आवाज ऐकू येत होते, कोणी मारत नसताना.

जेवणं झाली. भूमिकानं डायचं तोंड ब्रशनं साफ केलं, धागे पसरवले, वनाला नीट बघून ठेवायला लावलं. मग उष्णता चढवली. वाट पाहिली. आणि म्हणाली, "नाना, आता तुम्ही."

चुडामणनं बटण दाबलं.

पुलरनं पंजा आवळला. क्षणभर काहीच हललं नाही. मग करकर झाली, दांडा एकदा थरथरला आणि आला. आला म्हणजे लोण्यातून सुरी यावी तसा. पहिला तुकडा वेडावाकडा, तो कापून टाकला. नंतरचा घेऊन भूमिकानं तो उभा चिरला आणि चुडामणपुढे धरला. आत एकसारखा काळा. पांढरी रेघ औषधाला नाही.

वनानं टाळी वाजवली. जिनेश कोणाला तरी फोन लावू लागला. चुडामणला मात्र आनंदबिनंद काही झाला नाही. त्याच्या टाचांतून काहीतरी वर चढत आलं, पोटऱ्यांतून, कंबरेतून, खांद्यापर्यंत. वर्षानुवर्षांचा शीण होता तो. इतके दिवस त्याला वर यायला परवानगीच नव्हती. रिळांच्या रिकाम्या खोक्यावर तो मटकन बसला. रेझिनच्या काळातलं उभं राहणं खरं होतं, त्याबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं. पण ही नवी लाईन आल्यापासूनचं? ते सगळं कोणासाठी? मायनं दुधात भिजवून खाल्लेले ते रोट कशासाठी?

"नाना, पाणी देऊ?" भूमिकानं विचारलं.

"नको. बसू दे थोडं," तो म्हणाला. त्याच्या तोंडून हे वाक्य शेडमध्ये पहिल्यांदाच ऐकू आलं.

जिनेश जवळ येऊन उकिडवा बसला. "नाना, गावाला जा. रविवार-सोमवार बंद ठेवू. सगळ्यांनाच सुट्टी."

"सांगता तुम्ही आता," चुडामण म्हणाला. आवाजात राग नव्हता. रागाला लागतं तेवढं बळही उरलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी लाईन त्यानंच बंद केली. कोणाला हात लावू दिला नाही. उष्णता उतरवली, आकडे खाली जाताना पाहिले, डायवरून एकदा फडकं फिरवलं. कामिनी पिशवी भरून फाटकाशी उभी होती. तिनं बाहेर येणाऱ्या माणसाकडे पाहिलं, आणि पिशवी त्याच्या हातात दिली, एवढंच.

गावात ओसरी शेणानं सारवलेली, केळीचे खांब बांधलेले, भाऊबंद जमलेले. योगराजनं येऊन मिठी मारली. "आला का भो! बरं झालं. मले नारयाची लई धास्ती व्हती. माही बायको म्हणे, एवढं सोवळं माह्याच्यानं पाळवणार नाही." सगळे हसले. चुडामणही हसला, पण खांबाला टेकून. प्रवासानं नाही, आधीच्या सगळ्यानं तो दमला होता.

बेबाबाई आतून आली, भिंत धरत. हातात लाल फडक्यात गुंडाळलेला नारळ. वाटेत दोनदा थांबली. सगळे उठून उभे राहिले. तिनं कामिनीला पदर पसरायला सांगितला आणि नारळ त्यात ठेवला. ठेवून हात मात्र त्यावरून उचलला नाही.

"दिलं बरं," ती म्हणाली. मग मान वर करून, जिथं चुडामणचा चेहरा असेल अशा अंदाजानं तिनं विचारलं, "पन दर साली येशीन का, चुडामण? का औंदापुरताच आला? चार मानसांत सांग."

कामिनी पदर सावरून नवऱ्याकडे पाहत राहिली. "येईन" म्हणणं सोपं होतं, सगळे तेच ऐकायला उभे होते. चुडामणनं डोळे चोळले आणि म्हणाला, "येईनच असं कसं सांगू, माय? पन आतापरेंत मशीन सोडत नव्हती म्हणून नाही आलो. याच्यापुढं नाही आलो, त मीच नाही आलो असं समजजो."